बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आणि शस्त्रागार: एका दिवसात काय पाहावं

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत सासरे आणि अकरा वर्षांचा मुलगा यांना घेऊन पुण्याहून बडोद्याला येताय, हाताशी एकच दिवस आहे, आणि कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये मुलगा तिसऱ्या कपाटापाशीच कंटाळला होता. म्हणून इथलं शस्त्रागार वगळावं का, असं विचारलंय. वगळू नका. माझं माहेर दांडिया बाजारातलं, सासरही बडोद्यातलंच, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना राजवाडा दाखवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. त्या अनुभवावरून लिहिते, थोडं लांबेल.

आधी व्यवहाराचं. सोमवारी येऊ नका, सगळं बंद असतं. एकाच आवारात दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हींचं तिकीट वेगळं: एक लक्ष्मी विलास राजवाडा, दुसरं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय. राजघराणं अजून राजवाड्यातच राहतं, त्यामुळे मोजकी दालनंच पाहायला मिळतात. शस्त्रागार आणि दरबार हॉल त्यातच येतात. घरातलं कार्य असलं तर वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

कोल्हापूर पाहिलंय, तर सासऱ्यांना एक गोष्ट नक्की आवडेल. तो राजवाडा आणि हा, दोन्ही मेजर चार्ल्स मँट या एकाच वास्तुविशारदाच्या हातचे. इथलं काम 1878 ला सुरू झालं. 1881 मध्ये मँट वारला, मग रॉबर्ट चिझमने ते 1890 मध्ये पुरं केलं. बांधून घेणारे सयाजीराव तिसरे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा 1875 मध्ये दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता. म्हणजे जवळपास तुमच्या मुलाच्याच वयाचा. त्याला हे जरूर सांगा. मुलं एवढ्या एका गोष्टीवरून राजवाड्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता शस्त्रागार. मुलं कंटाळतात त्याचं कारण एकच: आपण त्यांना पाट्या वाचून दाखवतो. ही तलवार अमुक बादशहाची, ती तमुक महाराजांची. पाच-सहा नावांनंतर मोठ्यांच्याही डोक्यात काही राहत नाही. सगळी कपाटं पाहायचा अट्टहास सोडा. चार-पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीपाशी एकच प्रश्न विचारा: हे धरायचं कसं?

पट्ट्यापासून, म्हणजे दांडपट्ट्यापासून, सुरुवात करा. माझे वडील तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेली ही बडोद्याची जुनी तालीम. तिथे ते लाठी आणि पट्टा शिकले होते. माझा भाचा दहा वर्षांचा असताना आम्ही राजवाड्यात गेलो होतो, तेव्हा त्यालाही असाच कंटाळा आला. बाहेर आल्यावर वडिलांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळलं आणि म्हणाले, "आता मनगट वाकव." वाकेना. "मग वार कर." त्याने खांद्यातून हात फिरवला, तोल गेला, तोल सावरायला पाय वळवले, आणि वडील म्हणाले, "हां, असंच. पट्टा कमरेने चालतो." पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच, आत आडवी दांडी मुठीत धरायची. मनगट जखडलेलं, पातं लांब, सरळ आणि लवचिक, त्यामुळे लढणाऱ्याला सगळं अंग घेऊनच फिरावं लागतं. भाचा उलट पावली पुन्हा आत जायला निघाला होता. तिकीट तपासणाऱ्या काकांनी हसून सोडलं.

दुसरी वस्तू साधी तलवार. तिच्या मुठीपाशी प्रत्येक पाहुणा हमखास म्हणतो, "पूर्वीच्या लोकांचे हात एवढे लहान होते?" हात लहान नव्हते. मुठीच्या टोकाला जी बशीसारखी गोल चकती असते ती आणि पात्याकडची आडवी बाजू, यांच्यामध्ये पंजा मुद्दाम आवळून बसवलेला असतो. या मुठीने भोसकायला गेलं तर चकती मनगटाला टोचते. वार ओढून कापायचा, पातं वाकडं आहे ते त्यासाठीच. याउलट कट्यारीला दोन उभ्या पट्ट्यांमधली आडवी दांडी मुठीत धरायची, म्हणजे ठोसा मारावा तसं पातं सरळ पुढे जातं. दोन्ही शेजारी-शेजारी बघितलं की मुलाला कुणी समजवावं लागत नाही.

सरळ पात्याच्या तलवारी दिसल्या की थांबा. आपल्याकडे त्यांना फिरंग का म्हणायचे, तर पातं फिरंग्यांच्या देशातून आलेलं असायचं. जर्मनी, इटली, स्पेनकडची पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून यायची आणि मूठ मात्र इथे, आपल्या पद्धतीची बसवायची. काही पात्यांवर करवतीच्या दातांसारख्या कमानी कोरलेल्या असतात. ती इटलीतल्या जिनोआकडच्या पात्यांची खूण, आणि तिला इतका मान होता की आपल्याकडचे लोहारही आपल्या पात्यांवर ती उमटवायचे. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे असं लिहिलंय, त्यांना हे शोधायला लावा.

आणि सोन्याची नक्षी. पोलादावर सोन्याचं पाणी चढवलंय असं वाटतं, पण ती कोफ्तगरी असते. आधी पोलादाच्या अंगावर बारीक धारेने उभ्याआडव्या रेघा ओढून ते खरखरीत करायचं, मग त्यावर सोन्याची केसासारखी तार ठेवून ठोकत जायचं. तार त्या खरखरीत अंगात रुतते, मग तापवून घोटतात. हे खरं की खोटं, ते मुठीच्या झिजलेल्या भागावर कळतं. जिथे तळहात सतत लागून सोनं गेलंय, तिथे खालच्या रेघांची जाळी उघडी पडलेली दिसते. ती जाळी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या काचेपुढून हलले नव्हते. कुणाचा तरी हात तिथे खरंच वर्षानुवर्षं टेकत होता.

चिलखताच्या कड्याही निरखून बघा. प्रत्येक कडीच्या सांध्यावर बारीक टिकली दिसली तर ती रिव्हेट मारलेली, म्हणजे लढाईत टिकणारी. टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली असतील, मधूनमधून पितळेच्या कड्या घालून नक्षी केली असेल, तर ते चिलखत बहुधा दरबारात मिरवायचं. ढालीवरची चार फुलं शोभेची वाटतात, पण मागच्या बाजूने हातात धरायच्या मुठी त्यांच्याच आधाराने बसवलेल्या असतात. एवढं बघून झालं की शस्त्रागार सोडा, मुलगा अजून थांबायचं म्हणत असला तरी. दिवाळीत येताय, खंडेनवमी नुकतीच झालेली असेल. घरी शस्त्र म्हणून तुम्ही काय पुजलंत ते आठवायला सांगा. आमच्याकडे आजीची विळी असायची.

दरबार हॉलमध्ये फारसं सांगायला लागत नाही, खाली व्हेनेशियन मोझेकची फरशी आणि खिडक्यांना रंगीत काचा आहेत, मान आपोआप वर-खाली होते. फैयाज खाँसाहेब याच संस्थानचे दरबारी गायक होते. आवारात फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं आहेत. मोत्यांचा गालिचा मात्र शोधू नका, बरेच जण विचारतात. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला तो गालिचा 2009 मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला. मला त्याची आजही हळहळ वाटते.

फत्तेसिंह संग्रहालय खरं तर सकाळी आधी करा, डोळे ताजे असताना. ही इमारत मूळची राजघराण्यातल्या मुलांची शाळा. या मुलांसाठी आवारात छोटी आगगाडी होती, तिचं इंजिन संग्रहालयाच्या दाराशी ठेवलंय. मुलाला आधी तिथे रमू दे.

आत राजा रविवर्मा. दिवाण टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्यामुळे रविवर्मा बडोद्याला आले, आणि पुढे सयाजीरावांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती रविवर्म्यांच्या छापखान्यातून आली. तो 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील चित्रं पाहून मोठं झालेल्या आपल्याला मूळ तैलचित्रासमोर उभं राहिल्यावर एकदम काहीतरी नवीन दिसतं. लुगड्याच्या काठाशी जवळ जा: नुसते पिवळे-पांढरे ठिपके. दोन पावलं मागे सरका: जरीचा काठ. पौराणिक बायका नऊवारीत का दिसतात, हा प्रश्न मुलगा विचारेलच. रविवर्म्यांनी देशभर फिरून पोशाख पाहिले आणि अनेक नायिकांना आपल्याकडचं लुगडं दिलं.

एकाच चित्रासाठी वेळ असेल तर 'सीता भूमिप्रवेश' बघा. धरणीमातेने सीतेला जवळ घेतलंय आणि राम हात पुढे करतोय. माझ्या सासूबाई तिथे उभ्या राहून रडल्या होत्या. मी त्यांना लवकर चला म्हणाले नाही, याचं आज बरं वाटतं.

दुपारी जेवायला शहरात जा, रस्त्यावरची शेव-उसळ तिखट असते, मुलासाठी रस्सा कमी सांगा. संध्याकाळी अंगात त्राण उरलं तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा. दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा आहे, भिंतीभर मराठी वळणाची चित्रं आहेत. सयाजीबागेतलं मोठं संग्रहालय पुढच्या खेपेला ठेवा, ते घाईत होत नाही.

आणि निघताना एक जुनं वर्तमानपत्र पिशवीत टाका. पट्ट्यासाठी.