मालागात खायचं काय?

प्रश्न : जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्पेनला, मालागाला चाललोय. बाबा पट्टीचे मासेखाऊ, आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. दोघांचं जमेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अगदी मस्त जमेल! आणि जून म्हणजे बाबांची तर चंगळच, कारण तिथे सार्डिन (आपल्या तारलीचीच बहीण) खायचा सीझन मे ते ऑगस्ट, तेव्हा मासा चांगला तेलकट आणि भरलेला असतो. शहराच्या पूर्वेला पेद्रेगालेहो आणि एल पालो असे दोन जुने कोळीवाडे आहेत, तिकडेच जा, किनाऱ्यावर ओळीने चिरिंगितो आहेत म्हणजे समुद्रालगतची साधी हॉटेलं. जुन्या होडीत वाळू भरून त्यात लाकडाचा विस्तव केलेला असतो, पाचसहा मासे एका काडीत ओवून ती काडी विस्तवाच्या शेजारी वाळूत तिरकी खोचतात, ज्वाळेवर धरत नाहीत, मसाला काहीच नाही फक्त जाडं मीठ. याला एस्पेतो म्हणतात. बाबांना म्हणावं काटाचमचा बाजूला ठेवा आणि खुशाल हाताने खा, तिथलेही तसंच खातात.

आईंसाठी तळलेल्या वांग्याचे काप मागवा, वरून उसाची काकवी घातलेली असते, हो आपली काकवीच, मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. पिठात अंडं नाही ना एवढं विचारा. आणि आहोब्लांको नक्की घ्या, बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं गार सूप, त्यात द्राक्षं, उन्हातून आल्यावर याच्यासारखं सुख नाही.

पण नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका, भाजीत हॅमचे तुकडे आणि सॅलडमध्ये ट्यूना सर्रास येतो. ऑर्डर देतानाच 'सिन हामोन, सिन आतून, सिन वेवो' म्हणा, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, अंडं नको. हे पाठच करून जा.

वेळा सांभाळा हं. जेवण दुपारी दोन ते चार, रात्री नऊनंतर, मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी किचन बंद, त्यामुळे वडीलधारी माणसं सोबत असताना सकाळीच आतारासानास मार्केटमधून फळं, बदाम, ऑलिव्ह घेऊन ठेवा. कॉफीला तिथे दुधाच्या प्रमाणावरून वेगवेगळी नावं आहेत, निम्मं दूध हवं तर 'मिताद', आईंना जवळजवळ दूधच लागत असेल तर 'नुबे' मागा.