तीन वेळा गर्भपात झाला. आता निरोगी बाळ होण्याची आशा ठेवावी का?

हो, ठेवा. सलग तीन गर्भपात होऊनही ज्यांच्या तपासण्यांत कारण सापडत नाही, अशा बहुतेक जणींना पुढे मूल होतं. अर्थात वय बघावं लागतं. चाळिशीच्या आसपास शक्यता कमी होते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: जिना चढलात, वजन उचललंत, चिडलात म्हणून ते झालं नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. त्यावर कुणाचाच ताबा नसतो, सासूबाईंचाही नाही.

पण तपासण्या नीट करून घ्या. थायरॉइड, साखर, गर्भाशयात पडदा आहे का, आणि मुख्य म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज, म्हणजे रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणारी प्रथिनं. ही रक्ततपासणी एकदा करून भागत नाही, किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. दोन्हीदा पॉझिटिव्ह आली, तर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देतात, त्यानं बराच फरक पडतो. मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका. नवऱ्याचीही गुणसूत्रं तपासावी लागू शकतात. फॉलिक अ‍ॅसिड आत्तापासूनच घ्या. आणि महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहिल्यानं गर्भ टिकतो, याला आधार नाही.

पुन्हा दिवस गेले की दर वेळी बाथरूममध्ये रक्त दिसतंय का हे बघत बसाल. सगळ्याच बघतात. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी हवी म्हणून. पडद्यावर ते लुकलुकणारं ठोक्यांचं टिपूस दिसलं, की पुढचा आठवडा तरी बरा जातो.