वाचकांचे प्रश्न : राउटरला जोडले, तरी उपकरण चालत का नाही?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत घरातल्या वाय-फायविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. प्रत्येकाची अडचण वेगळी असली, तरी बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे येतेच : ‘राउटर बंद करून पुन्हा चालू केला, उपकरण रीसेटही केले, पण उपयोग झाला नाही.’ म्हणून उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ‘उपकरण जोडले’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असतात. आधी उपकरण राउटरच्या रेडिओ लहरी पकडते आणि पासवर्ड देऊन आत प्रवेश मिळवते. मग राउटर त्याला घरातल्या जाळ्यापुरता एक आयपी पत्ता देतो. आणि त्यानंतर त्या पत्त्यावरून निघालेली माहिती राउटर बाहेर इंटरनेटवर पोहोचवतो व आलेले उत्तर नेमके त्याच उपकरणाकडे आणून देतो. यांपैकी कोणती पायरी अडली आहे हे न ओळखता केलेला रीसेट म्हणजे अंधारात मारलेला तीर होय. तो बहुधा लागत नाही, आणि उपकरणात नीट बसवलेली जुनी सेटिंग्ज मात्र पुसली जातात.

प्रश्न : मी नुकताच एक स्मार्ट प्लग आणि एक कॅमेरा घेतला. वाय-फायचा पासवर्ड तीन-चार वेळा तपासून टाकला, पण ‘जोडणी अयशस्वी’ एवढाच संदेश येतो. त्याच वाय-फायवर फोन आणि लॅपटॉप मात्र उत्तम चालतात. दोष उपकरणात आहे की राउटरमध्ये?

उत्तर : बहुधा दोन्हींतही नाही. आपली अडचण पहिल्याच पायरीवरची, म्हणजे रेडिओची आहे. आजचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर प्रक्षेपण करतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण त्या लहरी भिंतींतून कमी पार होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात, पण वेग कमी असतो आणि गर्दीही फार असते. आपला फोन दोन्ही पट्ट्या जाणतो आणि सोयीची निवडतो. प्लग, बल्ब, स्वस्त कॅमेरे यांसारख्या उपकरणांत मात्र खर्च आणि वीज वाचवण्यासाठी केवळ २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ बसवलेला असतो. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेले असेल, तर जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि काही अ‍ॅप तेवढ्यावरूनच गोंधळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना तात्पुरती वेगळी नावे द्या, किंवा जोडणी होईपर्यंत दहा मिनिटे ५ गिगाहर्ट्झची पट्टी बंद ठेवा. उपकरण एकदा जोडले गेले, की पूर्वीची व्यवस्था परत आणता येते. मात्र नावे वेगळी केली असतील, तर प्लगने ज्या नावाने जोडणी केली ते नाव आणि तो पासवर्ड कायम राहिला पाहिजे.

एवढ्याने काम झाले नाही, तर सुरक्षेचा प्रकार पाहा. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए-३ निवडलेले असेल, तर अनेक जुन्या आणि साध्या उपकरणांना ती भाषा येत नाही. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ असा मिश्र पर्याय निवडावा. काही हट्टी उपकरणे मिश्र पर्यायावरही अडतात, त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए-२ पुरेसे आहे. त्याचप्रमाणे २.४ गिगाहर्ट्झवर राउटरने १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनल, म्हणजे त्या पट्टीतला एक उपविभाग, निवडला असेल, तर काही उपकरणांना ते जाळे दिसतच नाही. १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतलाच एक ठेवणे उत्तम.

नावाविषयीही एक सूचना करतो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांनी जाळ्याला हौसेने मराठी नाव दिलेले असते. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि अनुस्वारालाही तीन-तीन बाइट लागतात; म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते. शिवाय काही साध्या उपकरणांना रोमन लिपीबाहेरचे नाव वाचता येत नाही. मला स्वतःला घरातल्या जाळ्याचे नाव आपल्या लिपीत पाहायला आवडते, पण अशी उपकरणे जोडायची असतील तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीला साधे रोमन नाव द्यावे.

जोडणीच्या वेळी नेमके काय घडते हे ठाऊक असले, की बराच मनस्ताप वाचतो. प्लगला ना पडदा असतो ना कळफलक, मग त्याला पासवर्ड सांगणार कसा? अनेक उपकरणे त्यासाठी काही काळ स्वतःच एक छोटे वाय-फाय केंद्र बनतात, फोन त्यांना जोडला जातो आणि घरच्या जाळ्याचे नाव व पासवर्ड त्यांच्या हाती देतो. या छोट्या केंद्राला इंटरनेट नसते. फोनच्या ते लक्षात येते आणि तो परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो, की संवाद अर्ध्यावर तुटतो. म्हणून त्या वेळेपुरता मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा. अ‍ॅप ‘लोकेशन’ची परवानगी मागते तेव्हा अनेकांना शंका येते, आणि ती रास्त आहे, पण आसपासच्या वाय-फाय जाळ्यांच्या यादीवरून माणसाचे ठिकाण कळू शकते, म्हणून अँड्रॉइड ती यादी दाखवण्यापूर्वी बहुधा हीच परवानगी मागते. काम झाल्यावर ती काढून घेता येते. पहिली जोडणी राउटरच्या जवळ बसून करावी आणि मगच उपकरण त्याच्या जागी न्यावे. तिथे ते तुटू लागले, तर दोष अंतराचा आहे हे आपोआप सिद्ध होते.

प्रश्न : आमचा प्रिंटर वाय-फायवर आहे. आठ-दहा दिवस तो नीट चालतो आणि एके दिवशी संगणक त्याला ‘ऑफलाइन’ ठरवतो. प्रिंटरवरचा वाय-फायचा दिवा मात्र चालूच असतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की चालतो. हे कायमचे कसे थांबवावे?

उत्तर : दिवा चालू आहे, म्हणजे पहिली पायरी ठीक आहे. अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे असल्याने ते एकंदर सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जगातल्या प्रत्येक प्लगला त्यांतला एक देणे शक्य नाही. म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ती व्यवस्था १९९६ साली ठरली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच आणि असंख्य घरांत तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. घरापुरते हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो, पण तो ते कायमचे देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. प्रिंटर काही काळ बंद राहिला किंवा राउटर पुन्हा सुरू झाला, तर त्याला वेगळा पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागदपत्रे पाठवत राहतो. बिऱ्हाड बदललेल्या माणसाला जुन्या घरी पत्र गेल्यासारखे हे आहे.

यावरचा उपाय म्हणजे प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचे सेटिंग उघडा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो. टाइप करताना तो इंग्रजी अंकांतच टाकावा. आत जोडलेल्या उपकरणांची यादी दिसेल. प्रत्येक उपकरणाला बारा अंक-अक्षरांचा एक मॅक पत्ता असतो, त्यावरून प्रिंटर ओळखा आणि पत्ते वाटण्याच्या, म्हणजे डीएचसीपीच्या, विभागात त्याच्या नावे पत्ता राखून ठेवा. काही जण प्रिंटरच्या आतच पक्का पत्ता लिहून टाकतात. राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो, त्यात तो पत्ता येत असेल, तर राउटर तोच दुसऱ्या कोणाला देऊन बसतो आणि दोघांचीही गैरसोय होते, म्हणून नोंद राउटरमध्येच केलेली बरी. त्यानंतर संगणकात प्रिंटर शेवटचा एकदा नव्याने जोडा. ही युक्ती फोनसाठी वापरणार असाल, तर एक लक्षात घ्या : आजचे फोन माग काढता येऊ नये म्हणून खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता सांगतात, आणि घरच्या जाळ्यापुरते ते बंद केल्याशिवाय राखीव नोंद टिकेलच असे नाही.

कधी प्रिंटरच्या छापील अहवालात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा अर्थ राउटरकडून पत्ताच मिळाला नाही आणि उपकरणाने स्वतःच एक ठरवून घेतला असा होतो. तेव्हा संगणकाशी झटापट न करता राउटरकडे पाहावे.

प्रश्न : वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नव्हते, म्हणून घरात पडून असलेला दुसरा राउटर केबलने पहिल्याला जोडला. वर आता इंटरनेट छान चालते, पण वरचा टीव्ही खालच्या फोनला दिसत नाही. असे का व्हावे?

उत्तर : कारण आपण एका घरात दोन जाळी तयार केली आहेत. राउटरवर वेगळ्या रंगाचे जे एक छिद्र असते, ते बाहेरच्या जगासाठी असते. खालून आलेली केबल आपण त्यात लावली असावी, त्यामुळे वरचा राउटर खालच्या संपूर्ण घराला ‘बाहेर’ समजतो. आतून बाहेर जाणारी माहिती तो सोडतो, म्हणून इंटरनेट चालते. पण बाहेरून न बोलावता आलेल्याला तो आत घेत नाही. दिवसभर इंटरनेट नीट चालत असल्यामुळे हा दोष लक्षात यायला फार वेळ लागतो.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल, तर तो निवडा आणि काम संपले. नसेल, तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या जाळ्यात बसेल, पण पहिल्याच्या वाटपाच्या टप्प्याबाहेर राहील असा करा. पहिला १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ सहसा चालतो. मग त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा आणि केबल बाहेरच्या छिद्रातून काढून साध्या लॅन छिद्रांपैकी एकात लावा. हाच क्रम पाळावा, कारण डीएचसीपी आधी बंद केले तर त्या राउटरच्या सेटिंगमध्ये शिरणे अवघड होऊन बसते. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड सारखे ठेवले, तर फोन चालता चालता एकाकडून दुसऱ्याकडे जातो, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल मात्र वेगळे ठेवावेत.

केबल टाकण्याचे कष्ट आपण घेतलेत, हे फार चांगले केलेत. तांब्याची साधी इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते. त्याऐवजी बिनतारी एक्स्टेंडर घेतला असता, तर एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करणाऱ्या साध्या उपकरणात वेग जवळपास निम्मा झाला असता.

प्रश्न : टीव्हीला केबल लावावी की वाय-फायवर ठेवावा?

उत्तर : जे उपकरण जागचे हलत नाही त्याला केबल लावावी, त्याने वाय-फायवरची गर्दीही कमी होते. अनेक टीव्हींचे इथरनेट १०० एमबीपीएसपुरतेच असते, त्यामुळे वेग मोजला तर वाय-फायचा आकडा मोठा दिसू शकतो. त्याने विचलित होऊ नये. चित्रपट पाहायला तेवढा वेग पुरतो, आणि केबलवर तो स्थिर राहतो.

प्रश्न : घरात आता पंधरा-सोळा उपकरणे जोडलेली आहेत. त्यांतल्या एखाद्यामुळे संपूर्ण घर धोक्यात येऊ शकते का?

उत्तर : येऊ शकते, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, राउटर अशी लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्याने कोणतीही गूढ विद्या वापरली नव्हती. कारखान्यातून येणारी, कोणीच न बदललेली नावे आणि पासवर्ड यांची एक छोटी यादी तो वापरून पाहत असे. त्याच उपकरणांचा वापर करून त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली.

म्हणून कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. राउटरला दोन पासवर्ड असतात, एक वाय-फायचा आणि दुसरा त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय, हिची पिन पद्धत बंद ठेवा. ती पिन आठ अंकी दिसते, पण शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि उरलेले सात अंक चार व तीन अशा तुकड्यांत तपासले जातात, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हा दोष २०११ सालीच उघड झाला. प्लग, बल्ब, कॅमेरे यांना राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर ठेवा, म्हणजे त्यांतले एखादे बिघडले तरी आपला संगणक त्यापासून सुरक्षित राहतो. प्रिंटर मात्र तिथे ठेवू नका, नाहीतर तो संगणकाला दिसणार नाही.

राउटरमधली उपकरणांची यादी महिन्यातून एकदा पाहावी. अनोळखी नाव दिसले, तर लगेच घाबरून जाऊ नका. अनेक उपकरणे आपल्या ब्रँडऐवजी आतल्या चिपच्या कंपनीचे नाव सांगतात. त्या नोंदीला राउटरमधून काही वेळ मज्जाव करा आणि घरातले काय बंद पडते ते पाहा. दोन-तीन दिवसांत कोणाचीच तक्रार आली नाही, तर वाय-फायचा पासवर्ड बदला आणि आपली सोळा उपकरणे एकेक करून पुन्हा जोडा.