आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याचं जुनं खेळण्यातलं विमान सापडलं. रंगवून घेऊ का? ठाण्यात राहून असा संग्रह कसा वाढवता येईल?

कृपा करून रंगवू नका.

तुम्ही लिहिलंय की पोटाखाली ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं छापलंय. जपान 1945 ते 1952 दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, तेव्हाच्या निर्यातीच्या मालावर हा शिक्का असे. अशा खेळण्यांचं चित्र सपाट पत्र्यावर छापून घेत, मग पत्रा कापून, वाकवून, पट्ट्या दुमडून जोडत. ती छपाई खरवडली की गेली, कुठलाही पेंटर ती परत आणू शकत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. पाणी नको, पॉलिश नको. चावी असेल तर जोर लावून फिरवू नका.

दुसरा प्रकार ओतीव, म्हणजे डाय-कास्ट विमानांचा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 पासून ‘डिंकी’ या नावाने खेळण्यातली विमानं काढली. त्यातली युद्धापूर्वीची घेताना फार जपा. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतूनच कुजतो: केसासारख्या भेगा पडतात, पंख वाकतात, शेवटी तुकडे पडतात. याला इलाज नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून भेगा पडलेलं घेऊ नका.

घेण्याआधी विमान उलटं करून पाहा. भाग जोडणाऱ्या रिव्हेटवर ड्रिलचे ओरखडे असतील किंवा तिथे स्क्रू बसवला असेल, तर कुणीतरी ते उघडलेलं आहे. पोटावरची ओतीव अक्षरं रंगाने बुजलेली दिसली की शंका घ्या. खेळून झिजलेल्या विमानाचा रंग नाकावर आणि पंखांच्या टोकांना उडतो. माझ्याकडचं डिंकीचं कॉमेट तसंच आहे, नाकाशी राखाडी धातू उघडा पडलाय, पण बाकी पांढरा-निळा रंग कारखान्यातला. दुकानात शेजारीच एक चकचकीत, नव्याने रंगवलेलं होतं. मी हेच घेतलं, आणि आजही हेच घेईन.

डिंकीचे काही साचे पुढे कोलकात्याला आले आणि ‘निकी टॉइज’ नावाने माल निघाला. ही आपल्याकडची खेळणी लोक दुर्लक्षून टाकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिसली तर सोडू नका.

शोधायचं कुठे? चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहेच. ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं, पुढे चालत. पण माझं ऐकाल तर आधी नौपाडा-पाचपाखाडीतल्या भंगारवाल्यांशी ओळख वाढवा. जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की घराघरातले माळे रिकामे होतात आणि ही खेळणी किलोच्या भावात जातात. ‘धातूचं खेळणं आलं तर आधी मला दाखवा’ एवढं सांगून मोबाइल नंबर देऊन ठेवा.

राहिला आपला पावसाळा. पत्रा गंजतो तो जूनपासून. काचेचं कपाट उन्हापासून लांब ठेवा, आत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदला, आणि दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रता मोजणारं यंत्र ठेवा. आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात मात्र ठेवू नका, त्यातून सुटणारी वाफ धातूला खाते. आणि विमान वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असेल तर ते आजच काढा, कागद ओल धरून ठेवतो.