कोल्हापूर मोजून ठेव

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वॉर्साहून पाठवलेले तुझे पत्र पोचले. वर्गात प्रत्येकाने आपापल्या गावाची छायाचित्रे दाखवली, कोणी प्रागचे तर कोणी लिस्बनचे रस्ते दाखवले आणि तुझी पाळी आली तेव्हा ‘जगात भारी कोल्हापुरी’ हे वाक्य ओठांवर असूनही अंबाबाईचे मंदिर आणि रंकाळ्यावरचा सूर्यास्त यांपलीकडे दाखवायला काही सापडले नाही, असे तू लिहिले आहेस. पेठांमधल्या रस्त्यांवर कॅमेरा धरला की डिजिटल फलक, लोंबणाऱ्या तारा आणि काचेने मढवलेली दुकाने यांखेरीज काही दिसत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. गावावर प्रेम असणाऱ्या माणसालाच असे खुपते, त्यामुळे तिचे मला वाईट वाटले नाही.

बाहेरची शहरे पाहताना त्यांच्या देखणेपणामागचा नियम शोधत जा. पॅरिसचे आजचे रूप बहुतांशी १८५३ ते १८७० या काळात, तिथले प्रशासक ओस्मान यांच्या कारकिर्दीत घडले. इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली होती आणि सज्ज्यांच्या रेषा शेजारच्या इमारतींशी जुळवून घेतल्या जात. मात्र त्यासाठी हजारो गरिबांची घरे पाडली गेली, हेही विसरू नये. जेरुसलेममध्ये इमारतींना स्थानिक दगडच वापरावा, असा दंडक ब्रिटिश प्रशासनाने १९१८ मध्ये घातला आणि पुढच्या राजवटींनी तो टिकवला. म्हणजे कोणीतरी नियम केला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पाळला, तेव्हा ही शहरे अशी दिसू लागली. आपल्याकडे घडीव काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब आणि कौलारू छप्पर ही रीत गवंडी-सुतारांच्या हातात होती. ती लेखी नियमांत कधी उतरलीच नाही, त्यामुळे सिमेंट आल्यावर तिच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही.

तू ज्या शहरात शिकते आहेस, त्याची गोष्ट मात्र सगळ्यांहून वेगळी आहे. १९४४ च्या उठावानंतर नाझी सैन्याने वॉर्सा पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले आणि जुन्या शहराचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. तरीही १९५३ मध्ये जुन्या बाजारचौकाचे लोकार्पण झाले. बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेल्या रस्त्यांच्या चित्रांचा त्या कामी उपयोग झाला, हे पर्यटकांना नेहमी सांगितले जाते. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथल्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेली मोजणी. युद्धापूर्वी त्यांनी जुन्या इमारती मोजून त्यांची रेखाटने केली होती. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरातून ती जोखीम पत्करून बाहेर काढून एका मठात लपवण्यात आली आणि त्यांच्या आधारे घरांचे दर्शनी भाग पुन्हा उभे राहिले. आतमध्ये मात्र आजच्या सोयींची घरे बांधली, आणि मागच्या अंगणांत दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती मुद्दाम पुन्हा बांधल्या नाहीत, कारण लोकांना उजेड हवा होता. या कामासाठी व्रोत्सवाफसारख्या दुसऱ्या शहरांतल्या इमारतींच्या विटाही आणल्या गेल्या, हा भाग मला आजही सलतो. तरी १९८० मध्ये युनेस्कोने हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते पुनर्उभारणीच्या या कर्तृत्वासाठीच.

आता आपल्या गावाकडे ये. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह जसेच्या तसे उभे राहावे, ही मागणी सगळ्या गावातून उठली. तिच्यातली तळमळ खरी होती. परंतु खांबांमधले अंतर, छपराचा उतार, लाकडी कमानीची जाडी या गोष्टी कितीही प्रेम असले तरी आठवणीत राहत नाहीत. त्या कागदावर असाव्या लागतात. नाट्यगृहासाठी निदान सारे गाव हळहळले. शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा त्याचे सागवान विकले जाते आणि तो कसा होता हे सांगणारी एक रेघही मागे राहत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, सुटीत येशील तेव्हा तुझ्या घराजवळचा एक वाडा मोज. मालकाची रीतसर परवानगी घे, आणि त्याने वाडा विकायचे ठरवले असेल तर त्याला बोल लावू नकोस. गळके छप्पर, भाऊबंदांतल्या वाटण्या आणि वर्षानुवर्षे न वाढलेले भाडे यांचा भार तो एकटा वाहत असतो. आधी हाताने कच्चा नकाशा काढ आणि मगच टेप उघड. भिंतीवरची दारे-खिडक्या सुट्या सुट्या मोजून बेरीज करू नकोस. टेपचे शून्य एका कोपऱ्यावर धरून सगळी मापे तिथूनच वाच, म्हणजे चुका साठत जाणार नाहीत. चौकाच्या चार बाजू मोजल्यावर दोन्ही कर्णही मोज, कारण जुना चौक डोळ्यांना काटकोनी वाटला तरी बहुधा तसा नसतो. भिंतीचा तोल ओळंब्याने पाहा. दिंडी दरवाज्यावरची गणेशपट्टी, खांबाखालचा दगडी तळखडा, कोनाड्याची महिरप यांची रेखाटने मोठ्या मापात कर. एकदा तुटल्यावर नेमकी हीच कोणाला आठवत नाहीत.

टेपचे दुसरे टोक धरायला तालमीतल्या मुलांना बोलाव. फुटबॉलच्या सामन्यात पेठेसाठी जीव टाकणारी आणि चौकात डिजिटल फलक लावणारी मुले एकच आहेत. त्यांच्या अभिमानाला आजवर कोणी दुसरे काम दिलेले नाही. ज्या मुलाने एखाद्या दर्शनी भिंतीची इंच न् इंच मापे घेतली, त्याला तिच्यावर फलक ठोकताना हात आखडता घ्यावासा वाटेल, असा माझा विश्वास आहे.

वर्गात दाखवण्याजोगे आणखी एक तुझ्याजवळ आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले आणि त्या आश्रयाची कृतज्ञता सांगणारे स्मारक वॉर्सामध्ये आहे. तिथे जाऊन ये, वर्गातल्या पोलिश मुलांनाही ने, आणि त्यांच्यापैकी कोणाची आजी वळिवड्यात वाढली असेल तर तिथल्या घरांची, वाटांची तिची आठवण लिहून घे.

येताना तीस मीटरची टेप आण. ओळंबा आणि नकाशाचे कागद माझ्याकडे आहेत. कोणता वाडा घ्यायचा ते आधी कळव, म्हणजे मालकांशी मी बोलून ठेवीन.

तुझे सर