सगळं करून बघितलंस, तिथेच घोळ झाला

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘काका, सगळं करून बघितलं’ हे वाक्य त्यात तीन वेळा आलंय. रविवारी एका दिवसात तू वरच्या गोदामात नवा राउटर लावलास, जिन्यातली केबल बदललीस, प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलास, अँटिव्हायरस उडवलास आणि वरचा लॅपटॉप फॉरमॅट केलास. सोमवारी तीनपर्यंत सगळं नीट चाललं. तीनला प्रिंटर पुन्हा ऑफलाइन, वरच्या लॅपटॉपवरची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, अडकलेली, खाली माल भरून गाडी उभी आणि बाबा चिडलेले. घाई का होते ते कळतं. पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या कागदाशिवाय, मध्य प्रदेशाबाहेर पाठवता येत नाही आणि इंदूरच्या सियागंज बाजारात उभी राहिलेली गाडी सगळ्या गल्लीचा रस्ता अडवते.

पण पाच गोष्टी एकदम बदलल्यावर, समज, सोमवारी काही बिघडलंच नसतं, तरी कशाने दुरुस्त झालं हे तुला सांगता आलं असतं का? नसतं. महिन्याने तेच दुखणं परत आलं असतं आणि तू पुन्हा पाचच्या पाच बदलल्या असत्यास. एका वेळी एकच बदल. बदललं की तपासायचं. फरक पडला नाही तर होतं तसं परत करायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी.

आता तुझं दुखणं. तू न मागता तीन गोष्टी पाठवल्यास आणि उत्तर त्यांतच आहे. प्रिंटर स्वतःच्या माहितीचं जे पान छापतो, त्याचे दोन फोटो आहेत. शनिवारच्या पानावर पत्ता १९२.१६८.१.७ आहे, सोमवारच्या पानावर १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा बघ, १ चा ० झालाय. दुसरी गोष्ट, ‘दोन-तीनदा बंद-चालू केला की कधी कधी चालतो.’ तिसरी तू उकाड्याची तक्रार म्हणून लिहिलीस, की तीनच्या सुमाराला दोन मिनिटं लाइट गेली आणि पंखाही बंद.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि तो मागितल्यावर वाटायचं काम एकाच यंत्राचं असतं. त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. खालचा फायबरचा बॉक्स १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. वरचा राउटर फक्त वायफाय पसरवायला लावलाय, पण त्याचं वाटप कुणी बंद केलं नाही, म्हणून तो १९२.१६८.० चे वाटत बसलाय. एका घरात दोन वाढपी. सकाळी दोघंही जागे असतात, तेव्हा जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता प्रिंटर घेतो. लाइट जाऊन आली की वरचा राउटर मिनिटाभरात उठतो, फायबरच्या बॉक्सला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात वरचा प्रिंटर आणि लॅपटॉप दोघेही वरच्या राउटरकडून पत्ता घेऊन मोकळे होतात. काउंटरचा संगणक यूपीएसवर आहे आणि त्याला १९२.१६८.१.१० हा पत्ता कायमचा लिहून दिलेला आहे, तो हलत नाही. झालं, काउंटर एका वाड्यात आणि प्रिंटर-लॅपटॉप दुसऱ्या. टॅलीचा डेटा काउंटरवर, म्हणून वरची टॅली लटकते. वरच्या राउटरच्या इंटरनेटच्या खाचेत काहीच लावलेलं नाही, म्हणून लॅपटॉपवर ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसतं.

आणि तू राउटर बदललास! नवा राउटरही डब्यातून निघाला तो १९२.१६८.०.१ वर आणि वाटप चालू ठेवूनच. जुन्यात काही बिघाड नव्हता. तो फेकला नसलास तर सांभाळून ठेव.

माझ्यावरही लगेच विश्वास ठेवू नकोस. आधी दुखणं हुकमी घडवून आण. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की फायबरचा बॉक्स, वरचा राउटर आणि प्रिंटर तिन्ही स्विचवरून बंद कर, एक मिनिट थांब, तिन्ही एकदम चालू कर. पाच मिनिटांनी प्रिंटरचं माहितीपान छाप. असं तीनदा. तीनपैकी दोनदा जरी शून्याचा पत्ता आला तरी आपला निदानाचा रस्ता बरोबर. एकदाही आला नाही तर मला फोन कर, कशालाही हात लावू नकोस. जे हवं तेव्हा बिघडवता येतं तेच दुरुस्त झालं की नाही हे कळतं; बाकी सगळी देवावर हवाला.

दुसऱ्या दिवशी एक बदल. खालून आलेली केबल वरच्या राउटरमधून उपसून बाजूला ठेव. लॅपटॉपचं वायफाय बंद कर आणि एका छोट्या केबलने तो थेट त्या राउटरच्या लॅन खाचेत, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या खाचेत, जोड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघड. आधी राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ कर, सेव्ह कर, तो बंद होऊन परत उठेल. मग १९२.१६८.१.२ वर जाऊन डीएचसीपी बंद कर. क्रम उलटा केलास, तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी उरणार नाही, त्याच्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल आणि राउटरचं पान उघडणार नाही. तो पत्ता कुठेही दिसला की अर्थ एकच, यंत्राने पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही. शेवटी खालची केबल लॅनच्याच खाचेत परत लाव. वेगळ्या रंगाची, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेली खाच रिकामी राहू दे. पत्ता बदलणं आणि वाटप थांबवणं ही एकाच बदलाची दोन पावलं आहेत, तेवढी सूट घे. मग कालचीच परीक्षा, तीनदा बंद-चालू, तीन पानं. तिन्हींवर १९२.१६८.१ आलं पाहिजे.

एक मोह होईल तो आधीच सांगतो. फायबरचा बॉक्स यूपीएसवर टाकला की लाइट गेली तरी तो बंद पडणार नाही आणि दुखणं बहुतेक वेळा दिसणारही नाही. पण ते गेलेलं नसेल, नुसतं झाकलेलं असेल. परीक्षा पार पडली की खुशाल टाक, टाकायलाच हवा. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर कधी नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो आणि लेझरचा फ्यूजर, म्हणजे कागदावर शाई पक्की करणारा भाग, तापताना त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतो.

तिसऱ्या दिवशी प्रिंटर. फायबरच्या बॉक्सचं वाटप १९२.१६८.१.१०० ते २०० एवढंच ठेव आणि प्रिंटरला त्याच्या बाहेरचा १९२.१६८.१.५० कायमचा दे. वाटपाच्या आतला दिलास तर एक दिवस कुणाच्या तरी मोबाइललाही तोच मिळेल आणि प्रिंटर पुन्हा गायब. मग संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स बघ. तिथे डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट असेल तर ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी’ पोर्ट नवं बनव आणि ५० चा पत्ता त्यात घाल. विंडोज स्वतः प्रिंटर शोधून डब्ल्यूएसडी लावतं आणि ते धड चालू असलेल्या प्रिंटरलाही ऑफलाइन म्हणत बसतो.

फॉरमॅटबद्दल बोलायला मला जड जातं. हा शब्द मी स्वतः फार वर्षं फार सहज वापरला, त्यामुळे तुला रागावण्याचा हक्क मला अर्धाच. फॉरमॅटने बिघाड बरेचदा जातो, पण पुरावाही त्याच्याबरोबर जातो. वर नवी दुखणी येतात. तुझ्या लॅपटॉपवर नवीन विंडोजने दुकानाचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असणार. ते ‘प्रायव्हेट’ केल्याशिवाय फाइल शेअरिंगला फायरवॉल नीट वाट देत नाही. तेही बघ, पण चौथ्या दिवशी.

केबलचं थोडक्यात. तू नवी टाकलीस, टाकलीस. टोक कापून कनेक्टर लावला असेल तर रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी किंवा तपकिरी तार तुटली तरी जोडणी चालते, पण १००० च्या जागी १०० एमबीपीएसवर. टॅलीला १०० पुरे. तेव्हा आकडा बघ, वहीत लिही आणि सोडून दे.

हो, वही. पुष्य नक्षत्राला बाबा दरवर्षी लाल वह्या आणतात, त्यातली एक माग. तारीख, वेळ, पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे, केलेला एक बदल, काय झालं. पाच रकाने. ‘प्रिंटर चालत नाही’ असं लिहू नकोस. ‘३.१०, ऑफलाइन, लाइट २ मिनिटं गेली होती’ असं लिही. अशी ओळ शनिवारीच लिहिली असतीस तर नव्या राउटरचे पैसे वाचले असते.

काउंटरच्या संगणकाचं घड्याळ सकाळी मागचं वर्ष दाखवतं आणि जीएसटीचं पोर्टल ‘सुरक्षित नाही’ म्हणतं, हे तू इंटरनेटच्या खात्यात जमा केलंस. त्याचा नेटवर्कशी काही संबंध नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरलाय. तारीख चुकली की सुरक्षेचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि पान अडतं. जेल रोडवर कुठल्याही दुकानात सेल मिळेल. संगणक बंद करून, वायर काढून बदल, मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ लाव. पण हेही वरचं काम संपल्यावर.

टॅलीचा बॅकअप मात्र आज, सगळ्याच्या आधी. हा बदल नव्हे, म्हणून माझ्या नियमात बसतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, ती रात्री घरी न्यायची, एक ऑनलाइन. आणि रविवारी वरच्या लॅपटॉपवर ती उघडून गेल्या आठवड्याचं एक बिल दिसतं का ते बघायचं. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती फाइल. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, तेव्हा ही हौस नाही.

‘महिन्याचा माणूस लावू का?’ असं विचारलंस. लाव. सिल्व्हर मॉलमधल्या संगणकवाल्यांपैकी कुणीही येईल आणि त्यातले बरेच हुशार असतात. पण तो आला की वही त्याच्यासमोर ठेव, आणि उठताना त्याने काय बदललं ते त्याच्याच हाताने लिहून घे. त्याला राग येईल. मलाही लोक चेंगट म्हणतात, अर्ध्या तासाच्या कामाला हा तीन दिवस लावतो म्हणतात. म्हणोत. अर्ध्या तासात बदललेल्या पाच वस्तूंचा हिशेब आज तुझ्यापुढे मांडलेलाच आहे, आणि तो मी मांडला नाही, तूच मेसेजमध्ये मांडलास.

एवढं वाचून उद्याच सगळं उरकायला बसशील, ओळखतो तुला. बसू नकोस. आज बॅकअप, उद्या संध्याकाळी फक्त ती तीन पानं. त्यांचे फोटो पाठव, पत्त्याचा तिसरा आकडा स्पष्ट दिसेल असे.

तुझा
काका