जाळीत अडकलेली लांडोर आणि वनखात्याची नोटीस

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. मणी भरल्यावर लावलेल्या बर्ड नेटमध्ये एका पहाटे लांडोर अडकलेली दिसली. पाय सुजलेला, पंखाखाली फाटलेलं. जाळी कापून सोडवली, घरी आणली. त्याच सकाळी आमच्या भागातल्या वनरक्षकांना फोन केला, ते "उद्या येतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशीचा फोन उचलला नाही. गावातल्या पशुवैद्यकांनी टाके घातले. कोंबड्यांच्या खुराड्यात १६ दिवस ठेवली. पुतण्याने (वय १७) तिचं रील टाकलं, कुणीतरी ते वनखात्याला पाठवलं आणि पथक येऊन लांडोर घेऊन गेलं. भिंतीला खोचलेली मोरपिसंही नेली. पंचनाम्यावर माझी सही आहे. आता सहायक वनसंरक्षकांपुढे जबाबाला हजर राहा अशी नोटीस आली आहे. त्यात कलम ९, ३९ आणि ५१ लिहिलं आहे. वकीलसाहेब, मी जीव वाचवला, मग गुन्हा कसला? दंड भरून मिटेल का? लांडोर परत मिळेल का?

उत्तर : आधी तिन्ही प्रश्नांची छोटी उत्तरं. जाळीतून सोडवणं आणि उपचार करणं यात तुमची बाजू भक्कम आहे, पहिले ४८ तास सोडून पुढचे १४ दिवस तुम्ही ती घरी ठेवलीत, त्याबाबत ती कच्ची आहे. दंड भरून हे प्रकरण मिटत नाही. आणि लांडोर परत मागूच नका.

मोर आणि लांडोर दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्या कमी झाल्या, पण मोराची जागा बदलली नाही. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत गुन्हा शाबीत झाला तर कलम ५१ खाली किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. जबाबातल्या एकेका शब्दाला इतकं वजन का आहे, ते त्यावरून कळावं.

तुमच्यावर दोन वेगवेगळे आरोप आहेत आणि ते वेगवेगळेच हाताळायचे. कलम ९ म्हणजे शिकार. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, जाळ्यात धरणं हेही त्यात येतं. तुमच्या शेतात जाळी होती, पक्षी जाळीत होता आणि नंतर तुमच्या खुराड्यात, एवढ्यावरून हे कलम लागलेलं दिसतं. ते उडवायचं तर जाळी कशासाठी होती ते दाखवावं लागेल. बर्ड नेटचं बिल शोधा. संपूर्ण बागेवर जाळी ताणलेली दिसेल असे फोटो काढा, कापलेली जागा जवळून घ्या. ती जागा अजून शिवली नसेल तर शिवू नका. शेजारच्या दोन-तीन बागांवर तशीच जाळी असेल तर तेही फोटोत येऊ द्या, सातबारावर द्राक्षाची नोंद आहे का पाहा. घड वाचवायला लावलेली जाळी आणि पक्षी धरायला लावलेली जाळी यांतला फरक तासगावात कुणाला समजावून सांगावा लागू नये, पण कागदावर तो आपोआप उमटत नाही.

कलम ३९ जास्त अवघड आहे. बेकायदा धरलेला किंवा बंदिस्त ठेवलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. असा प्राणी कोणत्याही कारणाने तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितला की सोपवायचा, असं पोटकलम २ सांगतं. ही खबर लेखीच हवी असं त्यात म्हटलेलं नाही, म्हणून तुमचा पहिल्या सकाळचा फोन हाच बचावाचा कणा आहे. समोरून दोन हरकती येतील : वनरक्षक हा 'प्राधिकृत अधिकारी' आहे का, आणि फोनवर नेमकं काय बोलणं झालं. दुसरीचं उत्तर पशुवैद्यक देऊ शकतील, तुम्ही वनखात्याला कळवल्याचं त्यांना त्याच दिवशी सांगितलं असेल तर.

पोटकलम ३ मात्र वेगळं आहे. प्राणी ताब्यात ठेवायला पूर्वपरवानगी लागते आणि ती लेखीच लागते. खबर तोंडी चालली तरी परवानगी तोंडी चालत नाही. "उद्या येतो" ही परवानगी नव्हे. पक्ष्याला हलवणं धोक्याचं होतं, रोज ड्रेसिंग चालू होतं, खातं येईल या भरवशावर थांबलो, असा त्या १४ दिवसांचा खुलासा करता येतो आणि न्यायालय हेतू पाहतंच. पण ताबा सिद्ध झाला की कलम ५७ खाली तो बेकायदा असल्याचं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. "त्यांनी सिद्ध करावं" असं गावात कुणी सांगेल. या कायद्यात ते पुरतं खरं नाही.

आता कागद. फोनमधल्या दोन्ही कॉलच्या नोंदींचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण जुन्या नोंदी फोन स्वतःच पुसत जातो. मोबाईल कंपनीकडून त्या महिन्याचं तपशीलवार बिल मागवा. हे न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, म्हणून फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रीलही काढून टाकायला सांगू नका. खातं खाजगी करायला हरकत नाही, पण व्हिडिओ पुसला तर पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप ओढवून घ्याल. उलट त्यात पायाची पट्टी दिसत असेल तर तो तुमच्याच कामाचा आहे. पशुवैद्यकांकडून केसपेपर, टाक्यांची तारीख, औषधांची बिलं घ्या. मागची तारीख टाकून नवा कागद करून देतो म्हणाले तर नको म्हणा. एक खोटा कागद बाकीचे दहा खरे कागद बुडवतो.

पंचनाम्यावरच्या सहीने झोप उडवून घेऊ नका. काय, कुठून, कोणत्या अवस्थेत जप्त केलं याची ती नोंद आहे, कबुली नव्हे. कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर मात्र आजच लेखी हरकत घ्या. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पंचनाम्याची प्रत आणि प्राथमिक गुन्हा अहवालाचा क्रमांक मागा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्याच अर्जात लांडोरीची शासकीय पशुवैद्यकाकडून तपासणी करून टाके आणि जखमेची स्थिती नोंदवावी, अशी विनंती करा. जखम भरून आली की हा पुरावा कायमचा गेला.

सहायक वनसंरक्षकांपुढचा जबाब हलक्यात घेऊ नका. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वनअधिकारी मात्र त्या अर्थाने पोलीस धरले जात नाहीत, आणि कलम ५० नुसार या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य असतो. म्हणून वकील सोबत न्या आणि आपला खुलासा टाईप करून दोन प्रतींत द्या. तो साधारण असा असावा : "दि. … रोजी पहाटे … वाजता गट क्र. … मधील द्राक्षबागेवरील पक्षी-संरक्षक जाळीत लांडोर जखमी अवस्थेत अडकलेली आढळली. जाळी कापून मुक्त केली. त्याच दिवशी … वाजता संबंधित वनरक्षकांना मोबाईलवरून कळवले. दुसऱ्या दिवशी … वाजता पुन्हा संपर्काचा प्रयत्न केला. पशुवैद्यकांकडून उपचार केले. पक्षी स्वतःकडे ठेवण्याचा, विकण्याचा अथवा प्रदर्शनाचा हेतू नव्हता. पथक आल्यावर विनातक्रार सुपूर्द केला." एवढंच. लळा लागला होता, पोरं खेळायची, मोकळी सोडली तरी परत आली असती, असं काही बोलू नका. हे खरं आणि निरागस असलं तरी कागदावर ते "पाळण्याच्या उद्देशाने" असं उतरतं. वनरक्षकांवर राग काढायचाही तो मंच नव्हे. वेळ आणि क्रमांक लिहा, विशेषणं नकोत.

तडजोडीबद्दल. कलम ५४ खाली काही गुन्हे रक्कम भरून मिटतात, पण ज्यांना किमान कैद ठरलेली आहे ते मिटत नाहीत. त्यामुळे "साहेबांशी बोलून मिटवतो" म्हणणारा माणूस भेटला तर तो कायद्याबाहेरचं काहीतरी विकतो आहे असं समजा.

अटकेची भीती रास्त आहे, कारण गुन्हा अजामीनपात्र आहे. पण कमाल शिक्षा ७ वर्षं असल्याने अर्णेश कुमार प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल तुमच्या बाजूचा आहे : अटक का गरजेची, याची कारणं नोंदवल्याशिवाय सरसकट अटक नको. जामिनाची कडक अट सांगणारं कलम ५१अ पूर्वी याच कायद्याखाली शिक्षा झालेल्यांसाठी आहे, तुम्हाला ते लागू नाही. तरीही नोटिशीत कलम ९ आहे, म्हणून हजर होण्याआधी सांगलीच्या सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा, असं माझं मत आहे. गुन्हाच रद्द करून मागायला आता मुंबईला जावं लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. पण तो अर्ज आज घाईचा ठरेल. आधी खुलासा आणि कागद नोंदीवर येऊ द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

मोरपिसांची चिंता सोडा. गळून पडलेली शेपटीची पिसं घरात ठेवायला कायद्यात सूट आहे. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश राहतो, गळलेल्याचं मूळ स्वच्छ असतं. वाद झालाच तर प्रयोगशाळेत तपासणीची मागणी करा. पुतण्याचं नाव नोटिशीत नाही; रील काढणं म्हणजे ताबा नव्हे. त्याला चौकशीला बोलावलं तर तो अल्पवयीन असल्याचा दाखला द्या आणि पालकाशिवाय पाठवू नका.

लांडोर परत मागू नका असं म्हणालो, कारण तशा अर्जाने तुम्ही स्वतःच मालकी सांगता आणि खुलाशातलं "स्वतःकडे ठेवण्याचा हेतू नव्हता" हे वाक्य खोटं पडतं. बरी झाल्यावर तिला मूळ परिसरात सोडावं, एवढी विनंती करा. ती कुठे सोडायची हा निर्णय खात्याचा. यापुढेही असा पक्षी आपल्या हाताने सागरेश्वर अभयारण्यात नेऊन सोडायचं मनात आणू नका.

जाळी पुढच्या हंगामातही लागणार आहे. तिचा खालचा घेर सैल लोंबत ठेवला की मोर, ससे, साप त्यातच अडकतात. घेर ताणून बांधा, सकाळ-संध्याकाळ फेरी मारा. पुन्हा काही अडकलं तर जाळी कापा, प्राण्यावरून ओढून काढू नका. पक्ष्याच्या डोळ्यांवर फडकं टाका, छाती आवळू नका. पक्ष्याला छाती हलवूनच श्वास घेता येतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. कोल्हा, मुंगूस, माकड असेल तर हातच लावू नका. चावलं तर साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. मग वनखात्याच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाईनच्या १९२६ वर फोन, वनरक्षकांना फोटो आणि ठिकाणासह व्हॉट्सअ‍ॅप. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर प्राणी खोक्यासकट पोलीस ठाण्यात न्या, ठाणे दैनंदिनीत नोंद करायला लावा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.